चित्राखालची ओळ

ओव्हिड या रोमन कवीच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या दीर्घकाव्याच्या सहाव्या खंडात विणकामाची एक स्पर्धा रंगते. लोकर रंगवणाऱ्या एका सामान्य माणसाची मुलगी अराक्नी ही मिनर्व्हा देवीला, म्हणजे ग्रीकांच्या अथीनाला, आव्हान देते आणि दोघी आपापल्या मागावर बसतात. मिनर्व्हा स्वतःच्या विजयाची कथा विणते, आणि तिच्या चारही कोपऱ्यांत देवांशी बरोबरी करू पाहणाऱ्या माणसांना झालेल्या शिक्षा गुंफते. अराक्नीचा विषय वेगळा आहे. बैलाच्या पाठीवरून समुद्रात नेली जाणारी आणि सुटलेल्या किनाऱ्याकडे वळून पाहणारी युरोपा, हंसाच्या पंखांखाली पडलेली लीडा, सोन्याच्या पावसात गाठलेली डानाई अशा, रूपे पालटून स्त्रियांना गाठणाऱ्या एकट्या देवराज ज्युपिटरच्या नऊ कथा ती विणते. त्यानंतर समुद्रदेव नेपच्यून, अपोलो, बॅकस आणि सॅटर्न यांचीही पाळी येते. तिच्या कामात खुद्द मत्सरालाही दोष काढता आला नसता, असे ओव्हिड सांगतो. मिनर्व्हा ते वस्त्र टराटरा फाडते, आणि त्या वस्त्रावर काय होते हे सांगताना कवी दोनच शब्द वापरतो, ज्यांचा सरळ मराठी अर्थ ‘स्वर्गीय गुन्हे’ असा होतो.

आज जगातील अनेक संग्रहालये आणि ग्रंथालये चित्रांच्या विषयवार नोंदीसाठी ‘आयकॉनक्लास’ नावाची वर्गीकरणपद्धती वापरतात. हेन्री व्हान द वाल या डच कलेतिहासकाराने विसाव्या शतकात ती उभारली आणि तिची उपयुक्तता निर्विवाद आहे, कारण तिच्यामुळे पाचशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकातील एखादे चित्र दुसऱ्या देशात बसून क्षणार्धात शोधता येते. या पद्धतीत अराक्नीने विणलेल्या ज्युपिटरच्या कथांसाठी एक विभाग आहे. त्याचे नाव आहे ‘ज्युपिटरची प्रेमप्रकरणे’.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या कवीने ज्याला गुन्हा म्हटले, त्याला आजची नोंदवही प्रेमप्रकरण म्हणते. हा बदल कोणा एका ग्रंथपालाच्या निष्काळजीपणातून झालेला नाही. त्याची मुळे पंधराव्या आणि सोळाव्या शतकातील छापील पुस्तकांत, तेथील लाकडी ठशांच्या चित्रांत आणि त्याहीपेक्षा त्या चित्रांच्या खाली-वर छापलेल्या ओळींत आहेत. माझे म्हणणे असे की, ही चित्रे सार्वजनिक पैशाने जपणाऱ्या आणि संगणकावर मोफत उपलब्ध करून देणाऱ्या संस्थांनी ती झाकू नयेत, सौम्यही करू नयेत. परंतु चित्राखालची ओळ मात्र त्यांनी नव्याने आणि मुळाशी ताडून लिहावी. चित्रे दाखवावीत की नाहीत, या वादात आपण बराच वेळ घालवला आहे. त्यांना काय म्हणावे, हा प्रश्न अधिक कठीण आहे आणि तो बहुतेकदा कारकुनी काम म्हणून बाजूला टाकला जातो.

हे समजण्यासाठी प्रथम ठसा म्हणजे काय, ते पाहावे लागते. लाकडाच्या फळीवर चित्र काढून रेघा तेवढ्या उंच ठेवायच्या आणि बाकीचा भाग कोरून काढायचा, ही त्याची कृती. फळीची जाडी छपाईच्या अक्षरखिळ्यांच्या उंचीइतकी ठेवली की चित्र आणि मजकूर एकाच फर्म्यात, म्हणजे छपाईच्या चौकटीत, आवळता येतात, दोहोंवर एकदमच शाई फिरते आणि यंत्राच्या एकाच दाबात दोन्ही कागदावर उमटतात. तांब्याच्या पत्र्यावरील कोरीव चित्राला ही सोय नव्हती. तेथे शाई खाचेत असते, त्यामुळे त्यासाठी वेगळे यंत्र आणि वेगळा दाब लागतो. म्हणून आरंभीच्या छापील पुस्तकात लाकडी ठशाचे चित्र मजकुराच्या अगदी अंगाला लागून येते. ते मजकुराचा अर्थ लावते आणि मजकूर त्याचा. ती जोडी फोडून नुसते चित्र कापून घेण्याची सवय नंतरची, आणि आता संगणकाच्या पडद्यावर ती सार्वत्रिक झाली आहे.

ठसा कोरून घेणे खर्चाचे होते, आणि एकदा कोरलेला ठसा हजारो प्रती सहज काढू शके. तेव्हा मुद्रक तो पुन्हा वापरी, विकी, उसना देई. आणि दुसऱ्या गावचा मुद्रक छापील चित्र समोर ठेवून त्याची नक्कल कोरून घेई. हार्टमान शेडेल याचा जगाचा इतिहास अँटन कोबेर्गर याने 1493 साली न्यूरेंबर्ग येथे छापला. त्यात 1809 चित्रे आहेत, पण ती 645 ठशांतून काढलेली आहेत. एकच नगर वेगवेगळ्या नावांनी येते, एकच चेहरा वेगवेगळ्या माणसांचा म्हणून येतो. चेहऱ्याला ओळख देते ती त्याच्या शेजारची ओळ. ज्या काळात चित्राचा अर्थ इतका ओळीवर अवलंबून होता, त्या काळातील चित्रांना आज आपण ओळीवाचून, किंवा भलत्याच ओळीसह, लोकांपुढे ठेवत आहोत.

ग्रीक पुराणकथांतील स्त्रिया मोठ्या संख्येने छापील चित्रांत आल्या त्या एका पुस्तकामुळे. बोकाचिओ या इटालियन लेखकाने 1361च्या सुमारास लॅटिनमध्ये 106 प्रसिद्ध स्त्रियांची चरित्रे लिहिली होती. उल्म येथील मुद्रक योहान झाइनर याने 1473 साली ती छापली. त्याच सुमारास हाइनरिश श्टाइनह्योवेल या वैद्याने केलेले त्यांचे जर्मन भाषांतरही त्याने काढले, आणि त्यासाठी सुमारे ऐंशी ठसे कोरून घेतले. आरंभीच ईव्ह आहे. तिच्या शेजारच्या सापाची शेपटी वेलबुट्टीसारखी वळत जाते, आणि त्या वळणांत सात महापापांच्या आकृती बसवल्या आहेत. पान उघडताच वाचकाला चौकट मिळते: येथून पुढे भेटणारी प्रत्येक स्त्री या शेपटीच्या कुठल्या तरी वळणावर मोजली जाणार.

बोकाचिओशी न्यायाने वागायचे तर त्याने आपल्या प्रस्तावनेत स्पष्ट म्हटले आहे की ‘प्रसिद्ध’ याचा अर्थ तो ‘सद्गुणी’ असा घेत नाही. म्हणूनच पतिनिष्ठ पेनेलोपीच्या शेजारी स्वतःची मुले मारणारी मिडीया बसते. शिवाय तो अद्‌भुत कथांना लौकिक अर्थ लावतो. त्याची मेड्युसा ही पाहणाऱ्याचा दगड करणारी, सापांच्या केसांची राक्षसीण नाही. ती अतिशय श्रीमंत, सोनेरी केसांची स्त्री आहे, आणि तिच्या डोळ्यांचे सौंदर्य असे की पाहणारा जागीच खिळून जाई. तिला मारणारा वीर पर्सिअस येतो तो तिच्या संपत्तीच्या लोभाने. दगड होण्याच्या कथेचा हा उलगडा मला गमतीचा वाटतो, पण त्यात एक गोष्ट नाहीशी झाली आहे. ओव्हिडच्या काव्यात मेड्युसा मुळात सुंदर तरुणी आहे; मिनर्व्हाच्या देवळात नेपच्यून तिच्यावर अत्याचार करतो आणि शिक्षा म्हणून तिच्याच केसांचे साप होतात. हे सारे चौथ्या खंडाच्या अगदी शेवटी, तिचे डोके उडवणाऱ्या पर्सिअसच्या तोंडून, जेवणानंतरच्या गप्पांत आठ-दहा ओळींत येते. ज्याने तिला मारले तोच तिची कहाणी सांगतो. छापील पुस्तकांनी आपल्या स्मरणात ठेवली ती पर्सिअसच्या हातात लोंबणारी मेड्युसा. देवळातली मेड्युसा चित्रकाराला सुचत नाही. अराक्नीला मात्र ती सुचली होती: फाडलेल्या वस्त्रावर नेपच्यूनच्या बळींमध्ये सापांच्या केसांची ती आहे.

सर्सीचे असेच झाले. होमरच्या महाकाव्यातली सर्सी ही माणसांना पशू करणारी जादूगारीण, पण ती युलिसीस या वीराला शेवटी वाट दाखवते, पुढच्या धोक्यांची पूर्वसूचना देते. बोकाचिओ तिच्या कथेवरून थेट आपल्या काळावर घसरतो, आणि पुरुषांना पशू करून सोडणाऱ्या सर्सी तर सगळीकडेच भेटतात, असे म्हणतो. शेडेलच्या, न्यूरेंबर्गला छापलेल्या इतिहासात ती पशूंची डोकी असलेल्या नाविकांसमोर उभी आहे. पुढे आल्चिआतो या इटालियन कायदेपंडिताच्या बोधचित्रांच्या संग्रहात, ज्याची पहिली आवृत्ती 1531 साली आउग्सबुर्ग येथे निघाली आणि ज्यात नंतर भर पडत गेली, सर्सीच्या चित्रावर शीर्षक आले: वेश्यांपासून सावध राहावे. चित्रात जादूगारीण आहे, वरच्या ओळीत वेश्या आहे, आणि कवितेत उरला आहे तो केवळ पुरुषाला द्यायचा उपदेश. बोधचित्राचा साचाच असा होता की वर शीर्षक, मध्ये चित्र, खाली पद्य. वाचकाने तिन्ही मिळून वाचायचे. आज संगणकावर शोधले असता मधले चित्र तेवढे हाती येते, आणि कुठल्या तरी लेखाच्या माथ्यावर ‘ग्रीक पुराणातील सर्सी’ म्हणून मिरवते. ते ग्रीक पुराणातील नसून सोळाव्या शतकातल्या एका कायदेपंडिताच्या सावधगिरीच्या सूचनेचे चित्र आहे, हे सांगायला शेजारी कोणी उरलेले नसते.

शब्द चुकला की चित्र कसे चुकते आणि मग चित्राच्या बळावर चूक कशी अमर होते, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण पँडोराचे. हेसिअड या कवीच्या मूळ ग्रीक काव्यात पँडोरा ही पहिली स्त्री झाकण काढते आणि जगभर दुःखे पसरतात, ते झाकण पिथोसचे. पिथोस म्हणजे धान्य, तेल, मद्य साठवण्याचे मातीचे मोठे भांडे, आपला रांजणच. इरॅस्मस या विद्वानाने सोळाव्या शतकाच्या आरंभी आपल्या म्हणींच्या संग्रहात ही कथा सांगताना पिथोसच्या जागी पिक्सिस, म्हणजे डबी, असा शब्द घातला. डोरा आणि एर्विन पॅनॉफ्स्की या अभ्यासक दांपत्याने 1956 साली यावर एक अख्खे पुस्तक लिहिले. रांजण घरातला असतो, जागचा हलत नाही, त्यात घराची बेगमी असते. डबी हातात असते, तिच्याबरोबर हिंडते, तिची खाजगी वस्तू असते. त्या एका शब्दाने दोष घरातून बाईच्या हातात आला. चित्रकारांना ते सोयीचेच होते, कारण हातात डबी घेतलेली सुंदर स्त्री कोणालाही ओळखता येते. मराठी वर्तमानपत्रे ‘पँडोराची पेटी उघडली’ असे आजही लिहितात, तेव्हा ती इरॅस्मसचीच डबी उघडत असतात; ‘पँडोराचा रांजण’ म्हटले तर आपल्याला हसू येईल.

ओव्हिडच्या काव्याची छापील चित्रे हा या विषयाचा गाभा आहे, आणि तेथे गोष्ट अधिक गुंतागुंतीची होते. ब्रुजचा मुद्रक कोलार मान्स्याँ याने 1484 साली ओव्हिडच्या कथांची नीतिपर फ्रेंच आवृत्ती सचित्र छापली (आणि त्याच वर्षी कर्जापायी गाव सोडले, पहिल्या पिढीच्या मुद्रकांपैकी अनेकांची अखेर अशीच आहे). मध्ययुगीन नीतिपर परंपरेत प्रत्येक कथेला ख्रिस्ती अर्थ जोडलेला असे. अपोलोपासून पळणारी आणि शेवटी झाड होणारी डॅफ्नी ही कौमार्याचे, अगदी कुमारी मेरीचेही प्रतीक ठरे. हे वाचून आज आपण हसतो, पण त्या टीकाकारांना निदान एवढे मान्य होते की ती पळत होती. ओव्हिड स्वतः कथेच्या शेवटी फार सावध आहे: अपोलो त्या झाडाला ‘आता तू माझी’ असे म्हणतो, तेव्हा झाडाने शेंडा हलवला, मान हलवल्यासारखा ‘भासला’. त्या ‘भासला’मध्ये सारी कविता आहे. ती हललेली मान संमतीची होती, हे फक्त अपोलो म्हणू शकतो.

त्यानंतर व्हेनिस. जोव्हान्नी दे बोन्सिन्योरी याने चौदाव्या शतकात केलेला ओव्हिडचा इटालियन गद्य भावानुवाद 1497 साली लुकान्तोनिओ जुन्ता या प्रकाशकासाठी पन्नासहून अधिक ठशांसह छापला गेला. एकाच चौकटीत कथेचे दोन-तीन प्रसंग शेजारीशेजारी दाखवणारी ही सुबक रेषाचित्रे आहेत, आणि उर्बिनो व आसपासच्या कुंभारांनी ताटे रंगवताना त्यांची मनसोक्त उचल केली. पुस्तक निघाले तेव्हा व्हेनिसच्या धर्माध्यक्षाने त्यावर आक्षेप घेतला आणि बहिष्काराची तंबी दिली. आक्षेप होता तो उघड्या स्त्रीदेहांच्या आणि प्रियापस या प्रजननदेवाच्या चित्रांवर.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण छापील पुराणचित्रांविषयी घेतल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या सार्वजनिक हरकतींपैकी ही एक आहे, आणि तिने वादाला जी दिशा दिली ती अजून बदललेली नाही. या पुस्तकात पाठलाग आहे, पळवून नेणे आहे, बळजबरी आहे, जीभ कापणे आहे. धर्माध्यक्षाला त्रास झाला तो कपडे नसल्याचा. कपडे घातले असते तर तीच कृती निर्वेधपणे छापता आली असती. आजही सार्वजनिक संकेतस्थळांवरील स्वयंचलित गाळण्या हेच करतात: उघडा देह दिसला की चित्र अडवतात, आणि पूर्ण वस्त्रांतील स्त्रीला ओढून नेणारे चित्र विनाहरकत पुढे सोडतात. त्यामुळे ‘चित्रे झाका’ म्हणणारे आणि ‘कलेवर बंधने नकोत’ म्हणणारे, दोघेही एकाच चुकीच्या गोष्टीवर भांडत राहतात.

सोळाव्या शतकाच्या मध्याला ल्यों येथे या चित्रपरंपरेने आपले सर्वांत देखणे रूप घेतले. जाँ द तूर्न या मुद्रकाने 1557 साली काढलेल्या छोट्या पुस्तकात बेर्नार सालोमाँ याची 178 चित्रे आहेत: वर चित्र, खाली आठ ओळींचे फ्रेंच पद्य, भोवती नक्षीदार चौकट. सालोमाँची माणसे उंच, सडपातळ, नाचल्यासारखी हलणारी. झाडे, ढग, लाटा यांत वारा भरलेला. सहा वर्षांनी फ्रँकफर्ट येथे निघालेल्या पुस्तकासाठी व्हर्जिल सोलिस याने ती चित्रे जवळजवळ जशीच्या तशी नव्या ठशांवर उतरवली. छापील चित्र पाहून ठसा कोरला की छापताना डावे-उजवे उलटते, म्हणून सोलिसच्या चित्रांत सालोमाँची माणसे आरशात पाहिल्यासारखी उलट दिशेने धावतात. योहान्नेस पोस्थिउस याने त्यांना चार-चार ओळींची लॅटिन आणि जर्मन पद्ये जोडली. पुढची कित्येक दशके युरोपातले चित्रकार, सोनार, मीनाकारी करणारे आणि गालिचे विणणारे पुराणकथा म्हणून जे पाहत होते, ते बहुतांशी हे होते. ओव्हिडचे पंधरा खंड वाचण्यापेक्षा 178 चित्रे चाळणे कोणालाही सोपे.

या मालिकेतले कॅलिस्टोचे चित्र घ्यावे. कॅलिस्टो ही कौमार्यव्रती डायना देवीच्या परिवारातली वनकन्या. ज्युपिटर स्वतः डायनाचे रूप घेऊन तिच्याजवळ येतो, आणि तिला संशय येत नाही. चित्रात दोन स्त्रिया झाडाखाली जवळजवळ बसल्या आहेत आणि एकीने दुसरीला जवळ घेतले आहे. निवांत, थोडेसे लाडिक असे ते दृश्य आहे. ओव्हिडचा मजकूर काय सांगतो? ती झगडली, एखाद्या स्त्रीला जितके झगडता येईल तितके झगडली. ज्युपिटरची पत्नी जुनो हिने हे पाहिले असते तर ती इतकी कठोर झाली नसती, असे कवी मध्येच थांबून म्हणतो. चित्राने यातला नेमका फसवणुकीचा क्षण निवडला आणि त्याच्या पुढचा वगळला. असा क्षण निवडण्याचा अधिकार चित्रकाराला असतोच. पण मग त्या क्षणालाच संपूर्ण कथेचे नाव मिळाले, ‘ज्युपिटर आणि कॅलिस्टो’. दोन नावे आणि मध्ये एक ‘आणि’. ‘अपोलो आणि डॅफ्नी’, ‘नेपच्यून आणि मेड्युसा’, ‘ज्युपिटर आणि लीडा’. हे ‘आणि’ लग्नपत्रिकेत शोभते; येथे ते खोटे बोलते.

कॅलिस्टोचे पुढचे चित्रही प्रसिद्ध आहे. काही महिन्यांनी डायना आणि तिच्या सख्या स्नानाला उतरतात, कॅलिस्टो वस्त्र उतरवायला कचरते, इतर जणी ते ओढतात आणि तिचे गर्भारपण उघडे पडते. डायना तिला हाकलून देते. या दृश्याचे आकर्षण चित्रकारांना का वाटले, हे सांगायला नको. गुन्ह्याचे चित्र प्रेमळ भेटीसारखे, आणि गुन्हा जिच्यावर झाला तिच्या अपमानाचे चित्र मात्र भरगच्च, तपशीलवार, सर्वांच्या नजरा तिच्यावर रोखलेल्या: ही दोन पाने शेजारी ठेवली की संपूर्ण परंपरेचा कल दिसतो. मी प्रथम ती सुटीसुटी पाहिली होती आणि दोन्ही मला सुंदरच वाटली होती. ती अजूनही सुंदर आहेत, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे.

आता सार्वजनिक प्रश्नाकडे येऊ. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांनी 2015 साली विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात लेख लिहून म्हटले की, ओव्हिडमधील पर्सेफनी आणि डॅफ्नी यांच्या कथा शिकवताना अत्याचाराचा विषय बाजूला ठेवून भाषेच्या सौंदर्यावर आणि प्रतिमांच्या वैभवावरच बोलले गेले, आणि अशा मजकुरापूर्वी पूर्वसूचना असावी. त्यावर मोठा गदारोळ झाला. अभिजात साहित्याची गळचेपी होते आहे, नवी पिढी नाजूक झाली आहे, असे पुष्कळ लिहिले गेले. पूर्वसूचनेची मागणी मला स्वतःला फारशी पटत नाही. साहित्य वाचणे म्हणजे औषधाच्या बाटलीवरचे लेबल वाचणे नव्हे. पण त्या तक्रारीचा पहिला भाग अचूक होता आणि त्याला उत्तर देण्याऐवजी सगळे दुसऱ्या भागावर तुटून पडले. काव्यात जे लिहिले आहे ते वर्गात उच्चारले जात नाही, ही तक्रार कमी वाचण्याची नाही, नीट वाचण्याची आहे.

नोंदीतील शब्द बदलायला विरोध करणाऱ्यांचा एक युक्तिवाद मात्र गंभीर आहे. ते म्हणतात, आजच्या कायद्यातला शब्द जुन्या कथेवर लादू नये. लॅटिन ‘राप्तुस’ या शब्दात पळवून नेणे, हिसकावणे, पालकांच्या संमतीविना नेलेली मुलगी असे अनेक अर्थ होते. त्या सर्वांना आज एकच नाव देणे हे इतिहासाचे सपाटीकरण आहे. मराठी वाचकाला हा मुद्दा चटकन कळेल, कारण आपल्या ‘हरण’ या शब्दातही तीच खोच आहे. सीतेचेही हरण, सुभद्रेचेही हरण आणि रुक्मिणीचेही हरण. पण रुक्मिणीने स्वतः पत्र पाठवून कृष्णाला बोलावले होते, आणि सीता शेवटच्या क्षणापर्यंत आक्रंदत होती. शब्द एक आणि गोष्टी अगदी वेगळ्या. आपण गोंधळत नाही, कारण या कथा आपल्याला ठाऊक आहेत. कथा विसरलेल्या माणसाच्या हाती नुसता ‘हरण’ शब्द दिला तर तो काय समजेल?

म्हणूनच सर्व चित्रांवर एकच कठोर शिक्का मारावा, असे मी म्हणत नाही. युरोपाच्या चित्राखाली ‘हरण’ पुरे, कारण ओव्हिड तेथे तिला किनाऱ्यापासून दूर नेतो आणि तिची भीती दाखवून थांबतो. प्रॉसर्पिनाचेही, म्हणजे ग्रीकांच्या पर्सेफनीचेही, हरणच. परंतु सूर्यदेवाने गाठलेली लूकोथोई स्वतः म्हणते की तिच्या मनाविरुद्ध बळ वापरले गेले. मेड्युसासाठी कवी ‘भ्रष्ट केले’ या अर्थाचे क्रियापद वापरतो. बहिणीच्या नवऱ्याने जिची जीभही कापली त्या फिलोमेलाच्या बाबतीत तर तो तिला वडिलांना, बहिणीला आणि देवांना हाका मारताना ऐकवतो. येथे बलात्कार हा शब्द आपण एकविसाव्या शतकातून नेत नाही, तो कवितेतच आहे. कालविपर्यासाचा दोष द्यायचाच तर तो ‘प्रेमप्रकरणे’ या शब्दाला द्यावा लागेल, कारण त्याला ओव्हिडमध्ये या ठिकाणी कसलाच आधार नाही. तो आपल्या आधीच्या काही पिढ्यांच्या भिडस्तपणाचा शब्द आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. लाखो चित्रांच्या नोंदी कोण बदलणार? हा आक्षेप मला पोकळ वाटतो, कारण नोंदी सतत बदलतच असतात. मुद्रकाचे नाव चुकले तर ते दुरुस्त होते, वर्ष चुकले तर तज्ज्ञ पानेच्या पाने लिहितात. ‘ज्युपिटर आणि कॅलिस्टो’च्या जागी ‘डायनाच्या वेषातील ज्युपिटर कॅलिस्टोला फसवतो’ एवढे लिहिणे हे वर्ष दुरुस्त करण्याहून कठीण नाही. जुने शीर्षकही खोडू नये. ‘पूर्वीचे नाव’ म्हणून ते शेजारी राहावे, कारण तेही आता इतिहासाचा भाग झाले आहे आणि शोधणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. त्याच्याही आधी एक साधी गोष्ट करता येईल: चित्र कापून न देता संपूर्ण पान द्यावे. आल्चिआतोची बोधचित्रे ग्लासगो विद्यापीठाने अशीच, शीर्षक, चित्र आणि पद्य एकत्र ठेवून, भाषांतरासह संगणकावर आणली आहेत, आणि तेथे सर्सीचे चित्र पाहणाऱ्याची फसगत होत नाही. चित्राबरोबर त्याची ओळ गेली की अर्धे काम झाले.

चित्राखालील ओळीत प्रवचन मात्र नसावे. स्त्रियांविषयी त्या काळाची दृष्टी किती वाईट होती, हे तीन वाक्यांत सांगणाऱ्या पाट्या हल्ली संग्रहालयांत दिसतात, आणि त्या पाहणाऱ्याला विचार करू देत नाहीत. शिवाय ‘तो काळच तसा होता’ हे खरेही नाही. क्रिस्तीन द पिझाँ हिने 1405 साली ‘स्त्रियांची नगरी’ हे पुस्तक लिहून बोकाचिओच्याच कथा हाती घेतल्या आणि उलट्या सांगितल्या: तिच्या पुस्तकात अराक्नी ही विणकामाची आणि रंगकामाची कला शोधणारी आहे, मिडीया ही विदुषी आहे. दृष्टी होती, छापखान्याने ती उचलली नाही. त्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर 1521 साली लंडनला छापले गेले, पण मूळ फ्रेंच ग्रंथाला खिळे लागायला विसावे शतक उजाडावे लागले. त्याच क्रिस्तीनचे देव-वीरांच्या शंभर कथा सांगणारे, तरुण सरदाराला उपदेश करणारे पुस्तक मात्र पंधराव्या शतकाच्या अखेरीसच पॅरिसमध्ये सचित्र निघाले. कोणते पुस्तक खपेल, हे मुद्रकांना नेहमीच कळते.

या सगळ्यानंतर पुन्हा अराक्नीच्या पानाकडे येतो. सोलिसच्या चित्रात मिनर्व्हाने हात उगारला आहे आणि मागाजवळची अराक्नी मार चुकवू पाहते आहे. काव्यात मिनर्व्हा तिच्या कपाळावर लाकडी धोट्याने तीन-चार वेळा मारते, अपमान सहन न होऊन ती गळ्याला फास लावते आणि मग तिचा जाळे विणणारा कोळीकिडा होतो. ज्या वस्त्रासाठी हे सगळे घडले, ज्यावर युरोपा, लीडा, डानाई आणि मेड्युसा होत्या, त्या वस्त्राला बोटभर ठशात जागा मिळणे कठीणच होते. नोंदीतील नाव आहे ‘मिनर्व्हा आणि अराक्नी’. मला विचारले तर मी लिहीन: ‘देवांचे गुन्हे विणल्याबद्दल मिनर्व्हा अराक्नीला मारते, वस्त्र चित्रात दिसत नाही.’